अर्भकाचा श्वास : नळी तोंडावाटे की नाकावाटे?

निपाणी-चिकोडीकडील एखाद्या घरात हृदयात दोष असलेले मूल जन्मास आले, म्हणजे आईबाप उत्तरेस कोल्हापूरची नाहीतर दक्षिणेस बेळगावची वाट धरतात. बेळगावात १९६३ साली वैद्यकीय महाविद्यालय निघाले, आणि आता हृदयाच्या शस्त्रक्रियेसाठी प्रत्येकाला मुंबई गाठावी लागत नाही. शस्त्रक्रियेनंतर आईला प्रथम दिसते ती छातीवरची पट्टी नव्हे, तर मुलाच्या श्वासासाठी घातलेली नळी. ती आपल्या मुलाच्या नाकात आणि शेजारच्याच्या तोंडात का, असा प्रश्न तिच्या मनात उभा राहतो.

हा प्रश्न मुळीच क्षुल्लक नाही. तीन किलो वजनाच्या मुलाची नळी आतून अवघी ३ ते ३.५ मिलिमीटर रुंद असते, आणि त्याची श्वासनलिका जेमतेम ४ ते ५ सेंटिमीटर लांब. नळी थोडी खाली सरकली, तर ती बहुधा उजव्या फुप्फुसात शिरते व डावे हवेवाचून राहते. वर सरकली, तर निसटते. मुलाची मान पुढे वाकली तरी नळी खाली जाते, मागे गेली की वर येते.

तोंडाची वाट जवळची. घसा डोळ्यांनी पाहून नळी चटकन बसविता येते, म्हणून आणीबाणीत तिलाच प्रथम पसंती. परंतु लाळेने चिकटपट्टी सैल होते, जीभ नळीला ढकलते. शिवाय शस्त्रक्रियेत हृदयाचे चित्र घेणारी दुसरी नळी तोंडातूनच अन्ननलिकेत सोडतात. तिच्या हालचालीने पहिली सरकण्याचा संभव असतो.

नाकातील नळी अधिक स्थिर राहते आणि तोंड मोकळे ठेवते. पहिल्या महायुद्धात चेहरे छिन्नविच्छिन्न झालेल्या सैनिकांसाठी इंग्लंडात मॅगिल व रोबोथम या डॉक्टरांनी ही पद्धत पुढे आणली. मॅगिलचा वाकडा चिमटा आजही वापरात आहे. पण या वाटेने वेळ अधिक लागतो, आणि नाकाचे नाजूक अस्तर खरचटून रक्त येऊ शकते. हृदय-फुप्फुस यंत्र जोडण्यापूर्वी रक्त गोठू नये म्हणून हेपॅरिन देतात. मग तो लहानसा ओघळही लवकर थांबत नाही. नळी बरेच दिवस राहिल्यास नाकपुडीच्या कडेला जखम होते, ती निराळीच.

तेव्हा सर्व मुलांना एकच वाट श्रेष्ठ, असे म्हणता येत नाही. मूल किती दिवस यंत्रावर राहणार, रक्तस्रावाची भीती किती, भूल देणाऱ्या डॉक्टरांचा हात कशात अधिक बसलेला, हे पाहून निवड होते. वाट कोणतीही असो, बाहेर पडणाऱ्या श्वासातील कार्बन डायऑक्साइड मोजून, छातीचे दोन्ही भाग ऐकून आणि क्ष-किरण चित्र घेऊन नळी योग्य जागी असल्याची खात्री करावीच लागते.

आईबापांच्या हाती एक गोष्ट उरते. मुलाला सर्दी-खोकला झाला असेल, नाकातून रक्त आले असेल किंवा घराण्यात रक्त न थांबण्याचा विकार असेल, तर ते शस्त्रक्रियेपूर्वी न विचारताही सांगावे. डॉक्टरांची निवड कित्येकदा त्या एका वाक्यावर ठरते.