कांद्याचा भाव आणि विजेचा भाव

नेवासे तालुक्यातल्या घोडेगावचा कांद्याचा लिलाव तुम्ही पाहिला आहे काय? भाव पडलेला असला, तर शेतकरी कांदा चाळीत ठेवून काही आठवडे वाट पाहू शकतो. विजेची अशी चाळ नसते. वीज निर्माण झाली की त्याच क्षणी वापरली गेली पाहिजे. पुरवठा कमी पडला, की विजेच्या जाळ्याची वारंवारता ५० हर्ट्‌झच्या खाली घसरू लागते. जास्त झाला, की वर चढते. म्हणून विजेचा भाव पाव-पाव तासाला ठरवावा लागतो.

भारतात असे बाजार २००८ साली सुरू झाले. बहुतेक वीज आजही दीर्घ मुदतीच्या करारांनीच घेतली जाते. बाजारात भरून निघते ती कमीजास्त. दिवसाचे ९६ भाग पाडतात. ‘अमुक भागात इतकी वीज, या दराने’ अशा बोली विकणारे व घेणारे आदल्या दिवशीच देतात. संगणक विक्रीच्या बोली स्वस्तापासून महागाकडे रचत जातो. जिथे मागणी पुरी होते, तिथला दर सर्वांना लागू! कांद्याच्या लिलावात प्रत्येक मालाला वेगळा भाव मिळतो, येथे तसे नाही. मात्र दोन विभागांना जोडणाऱ्या वाहिन्यांत वीज मावेनाशी झाली, तर त्या विभागांचे भाव वेगळे निघतात.

भर दुपारी देशभरची सौर वीज एकदमच बाजारात येते आणि भाव उतरतो. सूर्य मावळला, घरोघरी दिवे लागले, की तो चढतो. किती चढावा यालाही मर्यादा आहे. २०२३ साली ती युनिटला १० रुपये ठरली.

आता अकोले तालुक्यातल्या घाटघरला चला. सह्याद्रीच्या माथ्यावर एक जलाशय, आणि सुमारे ४०० मीटर खाली, ठाणे जिल्ह्यात, दुसरा. वीज मुबलक असते तेव्हा खालचे पाणी पंपाने वर चढवायचे व टंचाईच्या वेळी तेच खाली सोडून २५० मेगावॉटपर्यंत वीज करायची. विजेची चाळ नाही असे वर म्हटले खरे, पण पाण्याची आहे! यात काही वीज वाया जातेच. समजा, १०० युनिट खर्चून ७५ परत मिळाले. दुपारचा भाव ३ रुपये आणि संध्याकाळचा ८ धरला, तर ३०० रुपयांच्या विजेचे ६०० झाले. दोन्ही वेळी भाव सारखाच असता, तर हा उद्योग आतबट्ट्याचा ठरला असता.

शेतीपंपांना वर्षानुवर्षे रात्रीची पाळी मिळत आली, कारण रात्री इतर मागणी कमी असते. बॅटरी घेऊन बिबट्याच्या भीतीने उसाला पाणी देणारे कोणी तुमच्याही घरात असेल. आता दुपारीच वीज मुबलक असते. २०१७ साली राज्याने सौर कृषिवाहिनी योजना काढली. तिच्या सुरुवातीच्या प्रकल्पांपैकी एक पारनेर तालुक्यातल्या राळेगणसिद्धीला उभा राहिला. तेथे ऊन असते तेव्हाच पंपाला वीज मिळते.