पन्नास सेंटची कोळंबी, फुकटातली सर्कस

लास वेगासहून परतलेल्या माणसाला पहिला प्रश्न ठरलेला असतो: किती हरलात? सांगलीला परतल्यावर आत्यालाही शेजारणींनी तोच विचारला. ती म्हणाली, "हरायला खेळले कुठे? सर्कस बघितली, बुफे जेवले आणि गुबगुबीत खुर्चीत बसून दुपारभर घोडे बघितले." मुलाबाळांकडे अमेरिकेला गेलेली आपली माणसं ग्रँड कॅन्यनला जाता-येता वेगासला दोन रात्री टेकतात, हा आता अमेरिकावारीचा ठरलेला टप्पा झालाय. त्यांच्यासाठी मुद्दाम सांगतो, या गावातली कितीतरी मजा स्वस्तातली किंवा चक्क फुकटातली आहे. आणि ती तशी का, याच्या गोष्टी जुगाराहून जास्त रंगतदार आहेत.

तंबूत कॅसिनो

आम्ही उतरलो होतो 'सर्कस सर्कस'मध्ये. नाव असं जोडीनंच आहे. जे सार्नो नावाच्या माणसानं १९६६ साली श्रीमंतांसाठी 'सीझर्स पॅलेस' उभारला आणि दोनच वर्षांनी, १८ ऑक्टोबर १९६८ ला, हा तंबूच्या आकाराचा कॅसिनो उघडला. गंमत म्हणजे त्यात राहायला एकही खोली नव्हती! वर आत शिरायला तिकीट. झुलेवाले थेट जुगाराच्या टेबलांवरून उडायचे, त्यामुळे खाली खेळणाऱ्यांचं लक्षही उडायचं. हत्तीचं एक पिल्लू सोंडेनं स्लॉट मशीनचा दांडा ओढायचं. एवढं असूनही गल्ला काही भरेना. खोल्या आल्या १९७२ साली. १९७४ मध्ये विल्यम बेनेट आणि विल्यम पेनिंग्टन या जोडीनं कारभार हाती घेतला आणि गिऱ्हाईकच बदललं: बायकामुलांना घेऊन गाडीनं येणारा साधा माणूस. खोली स्वस्त, जेवण स्वस्त, सर्कस फुकट. तिथून हॉटेलची गाडी रुळावर आली.

सर्कस आजही फुकट आहे. आमचं गाव मिरज-तासगाव पट्ट्यातलं. भारतीय सर्कशीचा पहिला खेळ १८८० साली मुंबईत लावणारे विष्णुपंत छत्रे अंकलखोपचे, आणि देवल सर्कस म्हैसाळची. त्यामुळे आत्या तिथं प्रेक्षक म्हणून बसली नव्हती, परीक्षक म्हणून बसली होती. झुल्यावरच्या मुलीनं हात सोडला, हवेत एक गिरकी घेतली आणि समोरच्यानं तिचं मनगट पकडलं, त्याच क्षणी आत्यानं माझं. इतकं घट्ट, की बांगडीचा वळ उठला. "हिचा हात अर्धा क्षण उशिरा सुटला," ती म्हणाली. "पण धरणारा पक्का आहे."

याच इमारतीत १९७१ च्या 'डायमंड्स आर फॉरएव्हर' या बाँडपटाचं चित्रीकरण झालंय. मागच्या बाजूला गुलाबी काचेच्या घुमटाखाली १९९३ पासून अख्खं करमणूक उद्यान आहे, आगगाडीसारख्या उलट्यापालट्या पाळण्यासकट. बाहेर वाळवंटाचं ऊन, आत थंडगार. एक नियम लक्षात असू द्या. २१ वर्षांखालच्या मुलांना कॅसिनोतून चालत जाता येतं, थांबता मात्र येत नाही. नातवंड मशीनपाशी रेंगाळलं, तर सुरक्षारक्षक लगेच येऊन पुढे व्हायला सांगतो.

पोट भरा, मग बघू

वेगासचा बुफे आला तोही स्वस्ताईतून. ज्या रस्त्याला आज 'स्ट्रिप' म्हणतात, तिथलं पहिलं रिसॉर्ट 'एल रँचो वेगास' १९४१ साली उघडलं आणि त्याच दशकात तिथं एक डॉलरमध्ये हवं तेवढं खा, अशी पंगत सुरू झाली. हिशेब सरळ होता. जेवायला बाहेर पडलेला माणूस परत येईलच असं नाही, म्हणून त्याला आतच जेवू घाला. जुन्या गावात, फ्रीमाँट स्ट्रीटवर, 'गोल्डन गेट'नं १९५९ पासून पेलाभर कोळंबी ५० सेंटला विकली. भाव वाढून ९९ सेंट व्हायला १९९१ साल उजाडलं! तीस वर्षांत जगातली प्रत्येक गोष्ट महागली, कोळंबी तेवढी तिथंच. हे हॉटेल १९०६ चं, आणि गावात टेलिफोन आला तेव्हा त्याचा नंबर होता '१'.

पलीकडे बेनी बिनियनच्या 'हॉर्सशू'मध्ये तर घोड्याच्या नालेच्या आकाराची चौकट होती आणि तिच्यात दहा-दहा हजार डॉलरच्या १०० खऱ्या नोटा मांडलेल्या. दहा लाख डॉलरसोबत फोटो काढायचा, तोही फुकट. फोटो तयार होईपर्यंत माणूस आतच घुटमळायचा, हे वेगळं सांगायला नकोच. या नोटा २००० साली विकल्या गेल्या.

आणखी एक गोष्ट कळली, ती ऐकून मी दोनदा नकाशा बघितला. सर्कस सर्कसच्या दक्षिणेचा, सगळ्या जगाच्या ओळखीचा तो झगमगता रस्ता लास वेगास शहरात नाहीच! शहराच्या हद्दीत जायला नको, शहराचे कर नकोत, म्हणून कॅसिनोवाल्यांच्या पुढाकारानं १९५० साली शहराबाहेर 'पॅरडाइज' नावाची वेगळी वस्ती नोंदवून घेतली गेली. 'वेलकम टू फॅब्युलस लास वेगास' ही प्रसिद्ध पाटीसुद्धा शहराबाहेरच उभी आहे. ती १९५९ साली बेटी विलिस यांनी रेखाटली आणि तिचे हक्क स्वतःकडे राखलेच नाहीत. गावाला भेट म्हणून देऊन टाकली. जगभरच्या कपांवर, चुंबकांवर, टीशर्टांवर ती दिसते, त्याचं कारण हे. मला हा दानशूरपणा वेगासमधल्या कुठल्याही जॅकपॉटपेक्षा मोठा वाटतो.

खोलीचं गणित थोडक्यात: सोमवार ते गुरुवार स्वस्त, शुक्रवार-शनिवार महाग, आणि एखादं मोठं प्रदर्शन भरलं असेल तर मधल्या वारीही महाग. भाड्यावर रोजची 'रिसॉर्ट फी' वेगळी लागते. पूर्वी ती शेवटच्या पानावर कळायची. मे २०२५ पासून अमेरिकेच्या केंद्रीय नियमानुसार सगळं धरूनच भाडं दाखवावं लागतं. तरी बुकिंग करताना एकूण आकडाच बघा.

सगळ्यात उत्तम खुर्ची

आता माझ्या सगळ्यात आवडत्या जागेकडे. वेगासमध्ये कमी पैशांत सर्वाधिक आनंद कुठे मिळतो, असं विचाराल तर मी क्षणाचाही विचार न करता स्पोर्ट्सबुकचं नाव घेईन. स्पोर्ट्सबुक म्हणजे खेळांवर कायदेशीर पैज लावण्याचं दालन. आम्ही गेलो 'वेस्टगेट'च्या 'सुपरबुक'मध्ये. हॉटेल १९६९ चं. एल्विस प्रेस्लीनं इथंच ६३६ कार्यक्रम केले. सुपरबुक सुरू झालं १९८६ मध्ये. ३० हजार चौरस फुटांचं दालन, सुमारे २२० फूट लांबीचा पडदा, त्यावर एकाच वेळी बेसबॉल, बास्केटबॉल, टेनिस, घोडे. ज्याचा त्याचा जल्लोष वेगळ्या क्षणी. एका कोपऱ्यात आरोळी उठते तेव्हा दुसऱ्या कोपऱ्यात कुणी कपाळावर हात मारलेला असतो.

असं दालन कॅसिनोत यायला बराच काळ गेला. नेवाडा राज्यानं जुगार कायदेशीर केला १९३१ साली आणि खेळांवरच्या पैजा १९४९ साली. पण १९५१ मध्ये केंद्र सरकारनं प्रत्येक पैजेवर १० टक्के कर बसवला आणि धंद्याचं कंबरडंच मोडलं. १९७४ मध्ये कर २ टक्क्यांवर आला, पुढच्याच वर्षी राज्यानं कॅसिनोंना परवानगी दिली आणि 'युनियन प्लाझा'त पहिलं दालन उघडलं. १९९२ च्या केंद्रीय कायद्यानं बाकी बहुतेक राज्यांची दारं बंद केली होती. ती सर्वोच्च न्यायालयानं १४ मे २०१८ रोजी उघडली. आपल्याकडे मात्र कायद्यानं पैज लावायची तर मुख्यतः घोड्यांवरच. १९९६ मध्ये आपल्या सर्वोच्च न्यायालयानं घोड्यांची शर्यत हा कौशल्याचा खेळ मानला. बाकीची खायवाडी-लगवाडी पोलिसांच्या बातम्यांतच वाचायची.

फलकावरचे आकडे पहिल्यांदा भीती घालतात. पण गणित चौथीतलं आहे. 'वजा ११०' म्हणजे १०० जिंकायला ११० लावा. दोन बाजूंना दोघांनी ११०-११० लावले, तर खिडकीत जमा झाले २२०. जिंकलेल्याला २१० द्यायचे. मधले १० दालनाचे. कोण जिंकलं याच्याशी त्यांना देणंघेणं नाही. म्हणूनच नुसती बरोबरी साधायलाही १०० पैकी ५२ हून जास्त पैजा जिंकाव्या लागतात.

दुसरी युक्ती 'पॉइंट स्प्रेड'ची. ती रूढ करण्याचं श्रेय शिकागोचे गणिताचे शिक्षक चार्ल्स मॅकनील यांना देतात. महालक्ष्मीच्या रेसकोर्सवर तगड्या घोड्याच्या पाठीवर जास्त वजन देतात ना, तसं इथं तगड्या संघाच्या डोक्यावर गुणांचं ओझं. संघ नुसता जिंकून भागत नाही, ठरलेल्या फरकाहून जास्त फरकानं जिंकावा लागतो. २१ जानेवारी १९७९ च्या सुपर बोलला, म्हणजे अमेरिकन फुटबॉलच्या अंतिम सामन्याला, या ओझ्यानं वेगासलाच चिरडलं. पिट्सबर्गवर ओझं होतं साडेतीन गुणांचं. लोकांनी पिट्सबर्गवर पैसे ओतले, म्हणून ते साडेचारवर नेलं. मग डॅलसवर पैसा आला. सामना संपला ३५-३१. फरक बरोबर ४! आधीचे पिट्सबर्गवाले जिंकले, नंतरचे डॅलसवालेही जिंकले, आणि दालनांनी दोन्ही बाजूंना पैसे मोजले. वेगासचे जुने लोक त्या दिवसाला 'काळा रविवार' म्हणतात.

१९८६ चा किस्सा त्याहून गोड. शिकागोचा विल्यम पेरी हा बचावफळीतला १४० किलोंच्या घरातला पहिलवान, टोपणनाव 'रेफ्रिजरेटर'. हा गडी अंतिम सामन्यात टचडाउन करेल का, म्हणजे चेंडू घेऊन गोलरेषा ओलांडेल का, यावर 'सीझर्स पॅलेस'नं एकास वीस भाव काढला. लोकांना तो इतका आवडायचा, की पैजांचा ओघ येऊन भाव एकास दोनवर उतरला. शेवटी ४६-१० असा संपलेला सामना शिकागो एकतर्फी जिंकत असताना प्रशिक्षकांनी चेंडू फ्रिजच्या हातात दिला आणि फ्रिज धावला. दालनांचं नुकसान झालं, पण असल्या चित्रविचित्र पैजांची गोडी लागली ती कायमची. आज सुपर बोलवर अशा शेकडो पैजा असतात.

आणि हो, 'पार्ले'. "बिस्किटाचं?" आत्यानं विचारलं. नाही. अनेक निकाल एकाच तिकिटात गुंफायचे आणि सगळे बरोबर यायला हवेत. दोन सामन्यांच्या पार्लेवर साधारण एकाला २.६ मिळतात; नाणेफेकीच्या न्यायानं ३ मिळायला हवेत. मोठा आकडा दिसतो म्हणून लोक भुलतात. मी तरी पार्लेच्या वाटेला जाऊ नका असंच सांगेन. तोच सल्ला तीन शून्यांच्या रूलेटबद्दल. तिथं दर १०० डॉलरमागे सरासरी ७.६९ कॅसिनोकडे जातात, एका शून्याच्या चाकावर २.७०.

मोठं घबाड लागलेल्यांपैकी मला एकच माणूस सांगावासा वाटतो. मार्च २००३ मध्ये 'एक्सकॅलिबर' या किल्ल्यासारख्या दिसणाऱ्या परवडणाऱ्या हॉटेलात लॉस एंजेलिसच्या २५ वर्षांच्या सॉफ्टवेअर इंजिनिअरला मशीनवर सुमारे ३ कोटी ९७ लाख डॉलर लागले. त्यानं नाव जाहीर होऊ दिलं नाही. शहाणा पोरगा! भारतातून गेलेल्यांनी एवढं जाणून ठेवावं: परदेशी पाहुण्याच्या मशीनवरच्या मोठ्या बक्षिसातून अमेरिकेत ३० टक्के कर जागच्या जागी कापला जातो. ब्लॅकजॅक आणि रूलेटला ही कापणी लागू नाही.

दोन डॉलरचा सहा नंबर

सुपरबुकच्या घोड्यांच्या भागात प्रत्येकाला छोटं टेबल आणि स्वतःचा पडदा असतो. आत्या तासभर नुसती बघत बसली. कोण घोडा गेटमध्ये बिथरतोय, कोण शांत आहे. मग उठून म्हणाली, "मला सहा नंबर घे. तो मान हलवत नाही."

खिडकीवर घोड्याचं नाव सांगायचं नसतं. क्रमही ठरलेला असतो: मैदान, शर्यत, रक्कम, प्रकार, नंबर. मी आत्याला पाठ करून दिलं आणि तिनं स्वतः जाऊन सांगितलं, "फिफ्थ रेस, टू डॉलर, शो, सिक्स." मैदानाचं नाव मी मागून पुरवलं. 'शो' म्हणजे पहिल्या तिनांत आला तरी चालेल. महालक्ष्मीवरच्या 'प्लेस'च्या जवळपासचा प्रकार. खिडकीतल्या बाईंनी पातळ कागदाचं तिकीट दिलं. आत्यानं ते चष्मा लावून पुढून-मागून वाचलं आणि दुमडून मुठीत धरलं.

सहा नंबर तिसरा आला. आत्यानं टाळी वाजवली तेव्हा शेजारच्या टेबलावरच्या, बेसबॉलची टोपी घातलेल्या म्हाताऱ्यानंही वाजवली. त्याचा घोडा मागे राहिला होता.

पैसे होत होते दोन डॉलर ऐंशी सेंट. "चल, घेऊन येऊ," म्हटलं, तर तिनं तिकीट दिलं नाही. ते आता सांगलीच्या फ्रिजवर आहे, बेटी विलिसच्या पाटीच्या चुंबकाखाली. मागं छापलेली मुदत उलटून गेली, शाईही फिकी पडलीय. सहाचा आकडा तेवढा अजून वाचता येतो.