मदरबोर्ड निवडताना: चिपसेटची वाट आणि चिपसेटची परवानगी

मागच्या व्याख्यानानंतर एका विद्यार्थिनीनं विचारलं होतं, "मला व्हिडिओ एडिटिंगसाठी कॉम्प्युटर जोडून घ्यायचाय. दुकानदार म्हणतो एच६१० बोर्ड पुरे, मित्र म्हणतो झेड७९०च घे. खरं कोणाचं?" तेव्हा वेळ संपली होती, म्हणून आज आधी तोच प्रश्न घेऊ.

चिपसेट म्हणजे काय, इथूनच सुरुवात करू. पूर्वी बोर्डावर दोन चिपा असायच्या, नॉर्थब्रिज आणि साउथब्रिज. मेमरी सांभाळणं हे नॉर्थब्रिजचं काम. पुढे ते प्रोसेसरच्या पोटात गेलं. एएमडीनं २००३ मध्ये अॅथलॉन ६४ मध्ये ते केलं, इंटेलनं २००८ मध्ये. आज आपण ज्याला चिपसेट म्हणतो तो मागे उरलेला साउथब्रिजच म्हणा ना. यूएसबी, साटा, जादा एसएसडी हे सगळं त्याच्याकडे, आणि तिथून एकाच रस्त्यानं प्रोसेसरकडे. म्हणजे महाग चिपसेट घेतला म्हणून प्रोसेसर जास्त वेगानं विचार करत नाही. हा गैरसमज फार पसरलेला आहे.

मग चिपसेटच्या नावानं नेमकं काय बदलतं? इथे आम्हाला आमच्या जुन्या विषयातला एक भेद उपयोगी वाटतो. 'होऊ शकत नाही' आणि 'होऊ दिलं जात नाही' या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

पहिली गोष्ट वाटांची. इंटेलच्या एलजीए१७०० सॉकेटचे प्रोसेसर एसएसडीसाठी पीसीआयई ४.० च्या चार लेन थेट देतात. एच६१० मध्ये त्या लेन वापरताच येत नाहीत. एसएसडी चिपसेटवर लावावी लागते, आणि त्या चिपसेटच्या लेन ३.० च्या. त्यामुळे सेकंदाला सातेक जीबी वाचणारी एसएसडी साडेतीनच्या आसपास अडकते. मेमरीच्या खाचाही दोनच. आज ८-८ जीबीच्या दोन पट्ट्या लावल्या तर उद्या वाढवताना त्या काढूनच ठेवाव्या लागणार. एडिटिंग करणाऱ्याला हे दोन्ही बोचतं. बी७६० मध्ये थेट लेन मिळतात, आणि चार खाचांचे बोर्डही मिळतात. झेड७९० मध्ये चिपसेटच्या लेन आणखी वाढतात, प्रोसेसरकडे जाणारा रस्ताही चाराऐवजी आठ लेनचा होतो. तीन-चार एसएसडी एकाच वेळी राबवणाऱ्याला त्याचा उपयोग आहे.

दुसरी गोष्ट परवानगीची. इंटेलच्या 'के' प्रोसेसरचा गुणक वाढवून ओव्हरक्लॉकिंग करायचं तर झेड चिपसेटच लागतो. तोच प्रोसेसर बी७६० वर बसतो, नीट चालतो, पण गुणक वाढवू देत नाही. ही अडचण तारांची नाही, कंपनीनं आखलेली सीमा आहे. आणि नावात 'के' नसलेला प्रोसेसर घेऊन झेड बोर्डाला पैसे मोजायचे, म्हणजे ज्या खोलीची किल्लीच आपल्याकडे नाही तिचं भाडं भरायचं.

परवानगी बदलूही शकते, हे विसरू नका. मे २०२० मध्ये एएमडीनं जाहीर केलं की पुढचे झेन ३ प्रोसेसर बी४५० आणि एक्स४७० बोर्डांवर चालणार नाहीत. सॉकेट तोच, एएम४. कारण दिलं ते बायोसच्या चिपमधल्या अपुऱ्या जागेचं. कारण अगदीच खोटं नव्हतं. पुष्कळ बोर्डांवर ती चिप १६ एमबीचीच होती. पण ग्राहक चिडले, आणि दोन आठवड्यांच्या आत कंपनीनं निर्णय फिरवला. २०२२ मध्ये तर त्याहून जुन्या ३०० मालिकेलाही दार उघडलं. म्हणून 'सॉकेट जुळतंय ना, मग झालं' एवढ्यावर थांबू नये. त्या नेमक्या बोर्डाची प्रोसेसर-यादी आणि बायोसची आवृत्ती उत्पादकाच्या साइटवर पाहायची.

आणखी एक. प्रोसेसरला वीज पुरवणारी व्हीआरएमची मांडणी, त्यावरचे हीटसिंक, आवाजाची चिप, हे चिपसेट ठरवत नाही, बोर्ड बनवणारा ठरवतो. चांगला बी७६० बोर्ड या बाबतीत स्वस्तातल्या झेडला मागे टाकू शकतो. मॅन्युअलमधली बारीक अक्षरंही वाचा हो. पुष्कळ बोर्डांवर अमुक खाचेत एसएसडी लावली की तमुक साटा पोर्ट बंद पडतो, आणि ते खोक्यावर लिहिलेलं नसतं.

आता त्या मुलीचं उत्तर. तिचा प्रोसेसर 'के' नाही, एसएसडी दोन लागणार आहेत, मेमरी पुढच्या वर्षी वाढवायची आहे. तिनं चार खाचांचा बी७६० घ्यावा. एसएसडीच्या दोन खाचा आहेत ना, तेवढं बघून घ्यावं, आणि झेडचे वाचलेले पैसे आजच मेमरीत घालावेत.