मीठ-साखरेची जोडी

कैरीच्या फोडींना मीठ चोळून ठेवलं की थोड्या वेळात पातेल्याच्या तळाशी पाणी साठतं. ते येतं फोडीतल्या पेशींमधून. प्रत्येक पेशीला अतिशय पातळ पापुद्रा असतो, आणि जिकडे मीठ जास्त तिकडे पाणी त्यातून ओढलं जातं. शाळेच्या पुस्तकात ह्याला ‘परासरण’ म्हणतात. मुलं व्याख्या घोकतात, आपण दर उन्हाळ्यात प्रयोगच करतो!

मैत्रिणींनो, असाच पापुद्रा आपल्या आतड्यातल्या पेशींनाही आहे. मिठातल्या सोडियमला मात्र त्यातून आत जायला दार लागतं. त्यातलं एक दार मोठं गमतीचं. सोडियम आणि ग्लुकोज जोडीने आले तरच ते दोघांना आत घेतं. जोडी आत गेली की मागोमाग पाणी. ही कल्पना रॉबर्ट क्रेन या शास्त्रज्ञाने १९६० साली मांडली. जुलाबात, अगदी पटकीतसुद्धा, हे दार चालू राहतं. म्हणून तर ओआरएस लागू पडतं.

१९७१ साली बांगलादेशच्या मुक्तिलढ्यात लाखो निर्वासित पश्चिम बंगालमध्ये आले. बनगावच्या छावणीत पटकी पसरली, शिरेतून द्यायचं सलाइन पुरेना. तेव्हा डॉ. दिलीप महालनबीस यांनी मीठ, खायचा सोडा आणि ग्लुकोजचं पाणी पिंपांत भरून ठेवलं. पाजायचं काम रुग्णांच्या नातलगांनी केलं. शंभरात तीसच्या आसपास माणसं दगावत होती, ती संख्या चारच्याही खाली आली. डॉक्टरांना पद्मविभूषण मिळालं ते २०२३ मध्ये, मरणोत्तर.

आणि आपल्याकडे? ‘एवढं लिटरभर कोण पितंय’ म्हणत आमच्या शेजारची सूनबाई चिमूटभर पूड कपात ढवळून बाळाला द्यायची. मी तिला कैरीचंच उदाहरण दिलं. पूड जास्त झाली, किंवा बाळाला आवडावं म्हणून वरून साखर घातली, तर पाणी शरीरात जायच्या ऐवजी आतड्यात ओढलं जातं आणि जुलाब वाढतात. पाकिटावर लिहिलंय तेवढ्याच स्वच्छ पाण्यात अख्खं पाकीट एकदम मिसळायचं. चोवीस तासांनी उरलेलं ओतून द्यायचं. पाकीट नसेल तर लिटरभर पाण्यात चहाचे सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा सपाट चमचा मीठ. चमचा शिगोशीग नको हं!

दुकानातल्या गोड पेयांच्या खोक्यांवरही ‘ओआरएस’ छापलेलं असायचं. ऑक्टोबर २०२५ मध्ये अन्नसुरक्षा प्राधिकरणाने त्याला मनाई केली. तरी घेताना जागतिक आरोग्य संघटनेच्या सूत्राचा उल्लेख बघून घ्याच.

बाळ मलूल झालं, डोळे खोल गेले, लघवी थांबली किंवा शौचातून रक्त पडलं, तर थेट दवाखाना गाठायचा, वाटेतही पाणी पाजत. उलटी झाली तर दहा मिनिटं थांबून पुन्हा चमच्या-चमच्याने सुरू करायचं.