काळ्या मातीवरची लेथ

मळणी यंत्राचा शाफ्ट वाकला, बोअरच्या मोटरचं बुश झिजलं, उसाच्या ट्रॉलीच्या ॲक्सलचे आटे गेले, की मराठवाड्यातला शेतकरी लेथवाल्याचं दुकान गाठतो. लातूरच्या डाळ मिल आणि तेल मिलवाल्यांचंही तेच. ऐन हंगामात नवा पार्ट यायला चार दिवस लागणार म्हटल्यावर मिलवाला थांबत नाही. जुना तुकडा पोत्यात गुंडाळून आणतो आणि ‘संध्याकाळपर्यंत पाहिजे’ म्हणत स्टूल ओढून बसतो. गावातली निम्मी यंत्रं जिच्या जिवावर चालतात ती लेथ मात्र बऱ्याचदा चाळीस-पन्नास वर्षांची असते आणि तिची दुरुस्ती करायला कुणाला सवड नसते. वंगण घालायचं, पट्टा बदलायचा, आणि एक दिवस काट्यावर चढवून बिडाच्या भावानं विकून टाकायची, असा तिचा ठरलेला प्रवास. तो टाळता येतो. त्याला कारखाना लागत नाही, घरामागची पत्र्याची शेड पुरते. फक्त लेथच्या आधी ती शेड नीट करावी लागते.

लंडनच्या हेन्री मॉड्स्लेनं 1800 च्या सुमारास आटे पाडणारी अचूक लेथ उभी केली, तेव्हापासून या यंत्राचा सांगाडा फारसा बदललेला नाही. मराठी माणसाला ती जवळची वाटते ती किर्लोस्करांमुळे. मुंबईच्या व्हीजेटीआयमध्ये शिकवणाऱ्या लक्ष्मणरावांनी बेळगावात सायकलच्या दुकानापासून सुरुवात केली, 1910 मध्ये कुंडलच्या माळावर किर्लोस्करवाडी वसवली, आणि 1941 मध्ये हरिहरला ‘म्हैसूर किर्लोस्कर’ ही खास यंत्रं घडवणारी कंपनी निघाली. तिथल्या लेथ आजही जुन्या वर्कशॉपांत दिसतात. बंगळूरची एचएमटी 1953 मधली. छोट्या दुकानांत मात्र पंजाबातल्या बटाल्याच्या नाहीतर राजकोटच्या लेथ जास्त, कारण त्या परवडतात. आपल्या भागात यंत्रकाम आलं ते रेल्वे आणि गिरणीच्या मागून. बार्शी लाइट रेल्वेची छोटी गाडी 1911 मध्ये लातूरला पोचली, तिची डागडुजी कुर्डूवाडीच्या वर्कशॉपात होई. नांदेडला निजामाच्या काळातली उस्मानशाही मिल होती, आणि कापड गिरणी म्हटली की तिच्या पोटात दुरुस्ती खातं आणि त्या खात्यात लेथ असायचीच. आता त्याच लातुरात रेल्वे डब्यांचा कारखाना आहे, पहिल्या डब्याचा सांगाडा तिथून 25 डिसेंबर 2020 रोजी बाहेर पडला. शेतकऱ्याचा वाकलेला शाफ्ट मात्र अजून कोपऱ्यावरच्या लेथवरच सरळ होतो.

जुनी लेथ बाजारात फुटांवर मागतात. साडेचार फुटी, सहा फुटी, आठ फुटी, म्हणजे बेडची लांबी. घरच्या शेडला साडेचार फुटी भरपूर झाली. विकणारा ती पुट्टी भरून, हिरवा-करडा रंग मारून ठेवतो, आणि नवखा माणूस त्या रंगाला भुलतो. जुना टर्नर रंगाकडे बघतही नाही. तो बेडवर जॉब धरणाऱ्या चकाजवळ बोट फिरवतो, मग समोरच्या टेलस्टॉकच्या टोकाला फिरवतो, आणि हत्यार वाहणारी कॅरेज हातानं पुढे-मागे ढकलून बघतो.

‘काका, बेड गेला का हो?’ 

‘गेला नाही, चकापाशी बसलाय.’

या दोन शब्दांत निदान झालेलं असतं. बहुतेक जॉब आखूड असतात, त्यामुळे कॅरेज आयुष्यभर चकाजवळच्या वीतभर जागेत घासत राहते. तिथली व्ही-पट्टी झिजते, टेलस्टॉककडची जवळपास कोरी राहते. हत्यार खाली बसतं आणि जॉबपासून किंचित लांब जातं, म्हणून दंडगोल चकाकडे जाड निघतो. झिजलेल्या जागी खेळ घालवायला जीब, म्हणजे फट भरणारी पट्टी, आवळली, तर कॅरेज दुसऱ्या टोकाला अडकते. बाकी सगळं बदलता येतं. बेअरिंग बाजारात मिळतं, क्रॉस स्लाइडचा नट गनमेटलमध्ये नवा पाडता येतो, हाफ नटही तसाच. बेड मात्र बदलता येत नाही. म्हणून बेड बघून लेथ घ्यायची, बाकीचं नंतर.

बसलेला बेड सुधारण्याचे रास्त मार्ग दोनच. मोठ्या शहरात नेऊन ग्राइंडिंग करून आणणं, किंवा हातानं स्क्रेपिंग. दुसरं काम बघण्यासारखं असतं. सपाट, तपासलेल्या पट्टीला प्रशियन ब्लू अगदी पातळ चोपडायचा आणि ती बेडवर ठेवून हलकेच सरकवायची. जिथे उंचवटा आहे तिथे निळा ठिपका उमटतो. कार्बाइडच्या स्क्रेपरनं नेमका तेवढा ठिपका खरवडायचा, पुसायचं, पुन्हा निळा, पुन्हा पट्टी. एका घासात निघणारं बीड काही मायक्रॉन भरतं, म्हणजे केसाच्या जाडीचा जेमतेम दहावा हिस्सा. सुरुवातीला ठिपके चार-दोन आणि मोठे असतात. काम जमत गेलं की ते बारीक होत सगळीकडे सारखे पसरतात. आणि एक गोष्ट कटाक्षानं टाळायची. बेडवर पॉलिश पेपर घासायचा नाही. एमरीचे कण बिडात रुततात आणि पुढची कित्येक वर्षं कॅरेज खात बसतात. गंज असेल तर रॉकेल आणि तांब्याची घासणी. सुटे भाग धुण्याच्या सोड्याच्या पाण्यात बॅटरी चार्जर जोडून साफ होतात, फक्त दुसऱ्या टोकाला स्टेनलेस स्टील लावायचं नाही, त्यातून विषारी क्रोमियम पाण्यात उतरतं.

आता शेड. आमच्याकडे घरं काळ्या मातीवर, आणि ती माती पावसात फुगते, उन्हाळ्यात भेगाळते. वर शहाबादी फरशी टाकली की दिसायला जमीन पक्की होते, पण लेथसाठी ती पक्की नाही. चार पायांपैकी एक पाय कागदाच्या जाडीएवढा उचलला गेला तरी बेडला पीळ बसतो, आणि मग स्क्रेपिंगची सगळी मेहनत वाया. म्हणून लेथच्या जागेपुरती फरशी काढायची, मुरूम लागेपर्यंत काळी माती उपसायची, आणि खालपासून काँक्रीटचा ठोकळा उभा करायचा. भोवतीच्या फरशीशी त्याचा संबंध ठेवायचा नाही, मध्ये वाळूची फट सोडायची. मीटरला 0.02 मिलिमीटरचा फरक दाखवणाऱ्या लेव्हलनं बेड मांडायचा, आणि पहिलं वर्ष पावसाळा संपल्यावर व ऐन उन्हाळ्यात पुन्हा तपासायचा. लेव्हल नसेल तर चकात एक जाड सळई धरून, टोकाला आधार न देता, तिच्यावर दोन ठिकाणी एकाच मापाचा हलका कट मारा. दोन्हीकडची मायक्रोमीटरची मापं जुळली नाहीत तर एक तर हेडस्टॉक तिरका आहे, नाहीतर बेडला पीळ किंवा झीज. पायाखालच्या पट्ट्या हलवून फरक बदलला तर दोष पिळाचा. अनेक लेथ ‘गेल्या’ म्हणून विकल्या जातात त्या निव्वळ वाकड्या मांडलेल्या असतात, असं माझं मत आहे.

पत्र्याची शेड मे महिन्यात भट्टी होते. पत्र्याखाली थर्माकोलचं छत टाकलं की माणूस आणि माप दोन्ही टिकतात. पन्नास मिलिमीटरचा पोलादी जॉब वीस अंश जास्त तापला तर शतांश मिलिमीटरनं फुगतो, आणि बेअरिंगच्या बैठकीला तेवढं पुरेसं आहे.

विजेचा प्रश्न सोपा झालाय. घरी थ्री फेज नसतो, पण आता सिंगल फेज घेऊन थ्री फेज देणारा ड्राइव्ह मिळतो. आपल्याकडच्या तीन एचपीपर्यंतच्या मोटरी बहुधा 415 व्होल्टला स्टारमध्ये जोडलेल्या असतात. अशा ड्राइव्हवर त्या डेल्टामध्ये बदलून घ्याव्या लागतात. हे न बघता जोडलं की मोटर दम धरत नाही आणि दोष लेथला लागतो.

एक सूचना घरच्यांसाठीही. लेथपाशी गमछा, ओढणी, सैल बाही, अंगठी आणि हातमोजे चालत नाहीत. चकची चावी चकात ठेवून कधीही हात काढायचा नाही, स्विच बंद असला तरी. मोठ्या वर्कशॉपात हे पहिल्या दिवशी शिकवतात, घरच्या शेडमध्ये ते कुणी सांगत नाही.

नांदेड-लातूरच्या बाजूला जुनी लेथ भंगारात निघाल्याचं कळलं, तर वजनकाट्यावर चढण्याआधी एखाद्या जुन्या टर्नरला दाखवा. बघायला जाताना डायल गेज आणि एक सळई बरोबर न्या, आणि चेंज गिअरची पेटी उघडून दात मोजा. जुन्या लेथचा लीड स्क्रू बहुधा इंचाचा असतो. त्यावर मेट्रिक आटे नेमके पाडायचे तर 127 दातांचा गिअर लागतो, कारण 25.4 ची पाच पट 127. पेटीत तो नसेल तर भाव तेवढा पाडून मागा.