पाळणाघरातील संसर्ग : दोष कोणाचा?

परवा एका तरुण मातेने आम्हांला एक प्रश्न विचारला. सकाळची लोकल गाठण्यापूर्वी ती आपल्या दोन वर्षांच्या मुलाला पाळणाघरात सोडते. तेथील तीन मुलांना एकाच आठवड्यात रक्ती हगवण झाली आणि रोग तिच्याच मुलाने आणला, असे इतर पालकांकडून तिला ऐकून घ्यावे लागले. तिच्या मुलाचे पोट जेमतेम एक दिवस बिघडले होते. "फादर, ह्यात माझी चूक आहे का?" असे तिने विचारले. उत्तर देण्यापूर्वी जिवाणू एका बालकाकडून दुसऱ्याकडे कसे जातात, हे पाहणे आवश्यक आहे.

रक्ती हगवणीस पुष्कळदा शिगेला नावाचे जिवाणू कारणीभूत असतात. बहुतेक जिवाणू फार मोठ्या संख्येने पोटात गेले तरच आजार होतो. शिगेलाचे मात्र दहा ते शंभर जंतूही पुरतात. एवढे जंतू डोळ्यांना दिसत नाहीत, हातांना जाणवत नाहीत. सांभाळणाऱ्या बाई एका बाळाची लंगोट बदलतात, घाईत हातांवरून पाणी घेतात आणि दुसऱ्याच्या हाती बिस्किट देतात. तेवढ्यात काम होऊन जाते. त्यातच ह्या वयाची मुले हाती येईल ते तोंडात घालतात. शिवाय जुलाब थांबले तरी जंतू काही आठवडे विष्ठेतून बाहेर पडत राहू शकतात. म्हणूनच लंगोट बदलल्यावर आणि खाऊ देण्यापूर्वी साबणाने, वाहत्या पाण्याखाली वीसेक सेकंद हात चोळून धुणे हा येथील खरा उपाय होय. हात धुवायचे आणि सर्वांनी खुंटीवरच्या एकाच ओल्या टॉवेलला पुसायचे, हा प्रकार आम्ही अनेक ठिकाणी पाहिला आहे. त्याने धुतलेले पुन्हा मळते.

नाकातोंडावाटे पसरणाऱ्या जिवाणूंची गोष्ट अधिक चकवणारी आहे. न्यूमोनिया, कानाचा दाह आणि मेंदूज्वर घडवणारे न्यूमोकोकस हे जिवाणू अनेक धडधाकट मुलांच्या नाकात व घशात नुसते राहत असतात. मूल हसते, खेळते, शिंकते आणि शेजारच्याला ते देऊन मोकळे होते. डांग्या खोकला तर पहिला आठवडा-दोन आठवडे साध्या सर्दीसारखाच दिसतो आणि त्याच काळात तो फार वेगाने पसरतो. मग बोट कोणाकडे दाखवायचे? (मिस्सानंतर चर्चच्या आवारात कोणाच्याही तान्ह्या बाळाचा मुका घेणाऱ्या आपण मोठ्यांनीही येथे थोडा विचार करावा.)

येथे लस उपयोगी पडते. अमेरिकेत 2000 साली बालकांना न्यूमोकोकसची लस देण्यास प्रारंभ झाला, तेव्हा लस न घेतलेल्या वृद्धांमधीलही गंभीर आजार घटले. कारण नातवंडांच्या नाकातून आजी-आजोबांकडे जाणारे जंतूच कमी झाले. आपल्या देशात ही लस सरकारी कार्यक्रमात 2017 पासून टप्प्याटप्प्याने आली आणि 2021 पासून देशभर दिली जाऊ लागली. दीड महिना, साडेतीन महिने आणि नऊ महिने ह्या वयांत ती विनामूल्य मिळते. डांग्या खोकल्यापासून रक्षण करणारी पंचगुणी लसही अशीच विनामूल्य आहे. मोठ्या भावंडाच्या बाटलीत उरलेले अँटिबायोटिक मात्र डॉक्टरांना न विचारता पाजू नये. लहान मुलांची बहुतेक सर्दी विषाणूंची असते. त्यावर ते चालत नाही, उलट नाकातले जिवाणू औषधाला दाद देईनासे होतात.

तेव्हा त्या मातेस आम्ही सांगितले, रोग कोणाकडून आला हे तेथे कोणालाच ठाऊक असणे शक्य नाही. तथापि एक गोष्ट तिने आपण होऊन कबूल केली. पोट बिघडले त्या दिवशी मुलाला तापही होता. रजा शिल्लक नसल्याने तिने पॅरासिटामॉल पाजून त्याला पाळणाघरात सोडले. अशा औषधाने ताप काही तास उतरतो, जंतू मात्र जिथल्या तिथे असतात. दुपारी पाळणाघराचा फोन येईपर्यंत मूल इतरांच्या सतरंजीवर खेळून झालेले असते. तिला दोष देणाऱ्या पालकांपैकी दोघींनी हेच कधी ना कधी केल्याचे नंतर मान्य केले. आता त्या चौघी-पाचजणींनी आपसांत ठरवले आहे की, ताप वा जुलाब असलेले मूल घरी ठेवायचे आणि पाळणाघराला खरे कारण कळवायचे. रजेचा प्रश्न अजून सुटलेला नाही.