शिडाचा टाका आणि तळहाताचं बळ

जाड कॅनव्हासचे दोन थर एकमेकांवर ठेवा, त्यांची कड दुमडून आणखी दोन थर करा आणि त्यातून सुई पार करायचा प्रयत्न करा. सुई टोकापुरती शिरते आणि अडते. बोटात शिंप्याचं अंगुस्तान असेल तरी फारसा फरक पडत नाही, कारण बोटाच्या पेरात तेवढं बळच नसतं. जोर लावला तर सुईचं नेढं अंगुस्तानावरून घसरतं आणि नखाखाली घुसतं. शिडं शिवणाऱ्या कारागिरांना अशा कापडात दिवसभर टाके घालायचे असत. त्यांच्यासाठी जे हत्यार घडलं ते बोटावर नाही, थेट तळहातावर चढतं. इंग्रजीत त्याला ‘सेलमेकर्स पाम’ म्हणतात. बोटी चालवणारे नुसतं पाम म्हणतात, आपणही तेच म्हणू.

जाड वस्तू हाताने शिवण्याची कामं आपल्याकडे कमी नाहीत. मार्केट यार्डात दाभण आणि सुतळी घेऊन गोणीचं तोंड शिवणारा हमाल आपण पाहिलेला असतो. पण गोणपाटाची वीण विरळ असते, दाभण आपसूक वाट काढतं, त्यामुळे हाताला विशेष संरक्षण लागत नाही. चांभार कातडं शिवतो तेव्हा आधी आरीने भोक पाडतो आणि मग त्यातून दोरा ओढून घेतो. कातड्याला ते चालतं. शिडाच्या कापडाला हे दोन्ही मार्ग बंद असतात. वारा गाळून जाऊ नये म्हणून त्याची वीण घट्ट असावी लागते आणि आरीने भोक पाडलं तर ताण्याबाण्याचे धागे तुटतात. टाक्यागणिक दोन-चार धागे तुटत गेले की शिवणीच्या रेषेत कापड दुबळं होतं आणि पहिल्याच वादळात तिथेच फाटतं. म्हणून शिडाच्या सुईने धागे न तोडता, त्यांना बाजूला सारत पुढे जायचं असतं. त्यासाठी लागणारा रेटा मोठा असतो आणि तो बोटातून नाही, मनगट आणि कोपरापासूनच्या हातातून यावा लागतो. पामचा सगळा घाट या एका गरजेतून आलेला आहे.

हे हत्यार दिसायला अगदी साधं आहे. हाताच्या पंज्याभोवती फिरणारा दोन-अडीच बोटं रुंदीचा चामड्याचा पट्टा, त्यात अंगठा घालायला भोक, पाठीमागे घट्ट करायला बक्कल किंवा शिवण. अंगठ्याच्या मुळाशी, हात पाहणारे ज्याला शुक्राचा उंचवटा म्हणतात तिथे, कच्च्या चामड्याच्या जाड तुकड्यात बसवलेली धातूची चकती. चकतीवर ओळीने बारीक खळगे. सुई अंगठा आणि तर्जनीत धरायची, तिचं नेढ्याकडचं टोक यातल्या एखाद्या खळग्यात टेकवायचं आणि पंजा पुढे रेटायचा. बोटांनी फक्त दिशा दाखवायची. खळग्यामुळे सुई घसरत नाही आणि भोवतीच्या कच्च्या चामड्यामुळे चकतीवरचा दाब सगळ्या तळव्यावर पसरतो. हातमोज्याचं काम नुसतं हात झाकण्याचं. पाम हात झाकतो आणि त्याच वेळी सुईमागचा हातोडाही होतो, म्हणून मला तो संरक्षक साधनांपेक्षा अवजारांच्या घरातला वाटतो.

पाम दोन तऱ्हेचे असतात. दोन पट्टे जोडणाऱ्या शिवणीसाठी हलका, त्याचे खळगे बारीक आणि उथळ. शिडाच्या कडेला दोर शिवण्यासाठी दणकट, त्याची चकती मोठी, खळगे खोल, कारण तिथे सुईही जाड असते. या दुसऱ्या पामला अंगठ्याभोवती चामड्याची जाड कड असते. तिच्यावर दोऱ्याचा एक वेढा घेऊन हात मागे खेचला की टाका आवळला जातो. ही कड नसेल तर मेण लावलेला दोरा अंगठ्याचं कातडं कापतो. डावखुऱ्यांसाठी वेगळा पाम करावा लागतो, उजव्या हाताचा उलटा घालून भागत नाही.

सुईकडेही नीट पाहायला हवं. नेढ्याकडे ती गोल असते आणि टोकाकडे तिला तीन कडा असतात. तीन कडांमुळे ती घट्ट विणीत पाचरीसारखी शिरते. पण दोर शिवायच्या सुईच्या कडा कारागीर मुद्दाम बोथट करून घेत, कारण धारदार कड दोराचे आणि कापडाचे धागे कापते. अशा सुया समुद्राच्या हवेत लगेच गंजतात, म्हणून त्या चरबी भरलेल्या शिंगात खोचून ठेवायची पद्धत होती. इंग्लंडमधलं रेडिच हे गाव सुयांसाठीच नावाजलेलं. एकोणिसाव्या शतकात जगभरच्या बाजारात तिथल्या सुया जात. तिथली एक जुनी सुयांची गिरणी आज संग्रहालय म्हणून जपलेली आहे.

दोऱ्याच्या बाबतीत तर जुने लोक कमालीचे काटेकोर होते. डेव्हिड स्टील यांचा शिडं आणि दोरकामावरचा मोठा ग्रंथ १७९४मध्ये लंडनला प्रसिद्ध झाला. त्यात शिवणीचा दोरा तीनपदरी असावा आणि एका पौंडात ३६० फॅदम, म्हणजे साधारण साडेसहाशे मीटर भरावा, असं सांगितलं आहे. नौदलाच्या मोठ्या शिडांसाठी मधमाशीच्या शुद्ध मेणात एक षष्ठांश टर्पेंटाइन मिसळून दोरा हाताने मेणवायचा. लहान शिडांच्या मेणात डुकराची चरबीही घालत. व्यापारी जहाजांसाठी दोरा तेलाने मऊ केलेल्या डांबरात बुडवत. मेणामुळे दोरा पाण्याने कुजत नाही. शिवाय तो कापडाला चिकटून राहतो, त्यामुळे एखादा टाका घासून तुटला तरी शेजारचे टाके पटापट उसवत नाहीत.

त्याच ग्रंथात टाक्यांची संख्याही आहे: एका यार्डात १०८ ते ११६. म्हणजे इंचाला तीन किंवा थोडे जास्त. वाचताना हा आकडा किरकोळ वाटतो. तो एखाद्या खऱ्या शिडाला लावून पाहिला की त्या कामाचं वजन कळतं. सुदैवाने असं एक शीड शिल्लक आहे. १८०५च्या ट्रफाल्गरच्या लढाईत ब्रिटिश नौसेनापती नेल्सन ज्या ‘व्हिक्टरी’ जहाजावर होता, त्याच्या पुढच्या डोलकाठीवरचं हे शीड १९६०मध्ये पोर्ट्समथच्या नौदल बराकीत सापडलं. खालची कड ८० फूट, वरची ५४ फूट, उंचीही ५४ फूट. क्षेत्रफळ ३,६१८ चौरस फूट. तोफगोळ्यांची आणि गोळ्यांची नव्वदेक भोकं त्यात अजून तशीच आहेत.

नौदलाचा कॅनव्हास २४ इंच पन्ह्याचा असे. तेव्हा एवढ्या शिडाला तीसच्या वर पट्टे उभे जोडावे लागले असणार. प्रत्येक जोडाला दोन ओळी: एका पट्ट्याची कड दुसऱ्यावर चढवून ती तुरपायची, मग कापड उलटून दुसरी कड तुरपायची. दीड-दोन यार्ड नाही, एकेक जोड सुमारे अठरा यार्डांचा. स्टील यांच्या मापाने हिशेब केला तर नुसत्या उभ्या शिवणींचेच टाके लाखाच्या पुढे जातात. कडांच्या दुमडी, मजबुतीसाठी लावलेले जोडपट्टे आणि भोवतीचा दोर हे सगळं त्यानंतर. हे एक शीड शिवायला सुमारे १,२०० माणूस-तास लागले असावेत असा अंदाज केला जातो. ‘व्हिक्टरी’वर अशी लहानमोठी ३७ शिडं लावता येत. आरमारं लाकूड आणि तोफांच्या हिशेबात मोजली जातात. माझ्या मते त्या हिशेबात तळहाताची ही मेहनतही धरायला हवी, कारण शीड फाटलं की त्या काळी जहाजाला दुसरा आधार नव्हता.

कारागीर बसायचा तो लांब, बुटक्या बाकावर. बाकाच्या एका टोकाला भोकं, त्यांत टोचे, लाकडी खुंटे आणि सुया. कापड मांड्यांवर आडवं घेतलेलं, त्याची एक बाजू दोरीला बांधलेल्या लोखंडी आकड्यात अडकवलेली. आकडा कापडाला तिसऱ्या हातासारखा ताणून धरतो. सुई आत, पुन्हा वर, पंजाचा रेटा, बोटांनी टोक पकडून ओढ, हात लांब करून दोरा खेचायचा, आणि पुढचा टाका. यात मान वळत नाही, मनगट फारसं वळत नाही. मुरलेल्या कारागिराचे सगळे टाके एकाच तिरकसपणाने पडतात. शिवण झाली की ती लाकडी किंवा हाडाच्या चपट्या साधनाने घासून बसवायची, म्हणजे कापड सपाट राहतं.

सगळ्यात अवघड काम शिडाच्या कडेला दोर शिवण्याचं. तीन पेडी दोराला पीळ असतो. सुई पेडाच्या मधून न जाता दोन पेडांच्या फटीतून गेली पाहिजे आणि प्रत्येक टाका पिळाच्या चालीने पडला पाहिजे. दोर एका जागी जरी थोडा वळला तरी पूर्ण शीड कलतं. त्यातच आणखी एक मेख असते. ओझं आलं की नवा दोर ताणून लांबतो, कापड तेवढं लांबत नाही. म्हणून शिवतानाच दोराच्या प्रत्येक हाताला थोडं कापड सैल सोडायचं. किती सोडायचं हे दोराची जात आणि कापडाची जाडी पाहून ठरवावं लागे. जास्त सुटलं तर कडेला चुण्या पडतात, कमी सुटलं तर ताण दोराऐवजी कापडावर येतो. दणकट पाम घालून बसलेल्या माणसाची खरी परीक्षा इथेच होई.

मोठ्या जहाजांवर शिडवाला स्वतंत्र असे, पण पाम प्रत्येक जुन्या खलाशाच्या थैलीत सापडे. ऑस्ट्रेलियातून धान्य घेऊन युरोपला जाणारी शिडाची शेवटची मालवाहू जहाजं फिनलंडच्या ऑलंड बेटांवरच्या मारीहाम्न बंदराची होती. दुसऱ्या महायुद्धानंतरही, १९४९पर्यंत, त्यांतली काही चालू होती. विषुववृत्ताजवळच्या सौम्य व्यापारी वाऱ्यांत शिरताना त्यांच्यावर चांगली शिडं उतरवून जुनी, ठिगळं लावलेली चढवत. उतरवलेली शिडं डेकवर पसरून पोरं आठवड्यांमागून आठवडे शिवत बसत. घाईत लांबलांब टाके मारणाऱ्याला, हा घरी पोहोचायच्या टाक्यांनी शिवतो, असं हिणवलं जाई. ते टाके बंदर गाठेपर्यंतच टिकतात, हा त्यातला दंश.

वाटेत कुणी मेला तर त्याला कॅनव्हासमध्ये शिवण्याचं कामही शिडवाल्याकडेच येई. पायाशी तोफगोळा किंवा लोखंड ठेवून, पायाकडून डोक्याकडे टाके घालत जायचं. शेवटचा टाका मृताच्या नाकातून घ्यायचा अशी ब्रिटिश नौदलातली जुनी चाल सांगितली जाते. माणूस खरोखर गेला आहे याची ती शेवटची खात्री. ज्या हाताने त्याच्यासोबत शिडं शिवली त्याच हाताने हे करायचं, तेही डोलणाऱ्या डेकवर. याविषयी वाचताना मी नेहमी थोडा वेळ थांबतो.

मुंबईचा हाताने शीड शिवण्याच्या या गोष्टीशी एक थेट संबंध आहे आणि तो बोटींचा नाद असलेल्या मराठी माणसाने आवर्जून सांगावा असा आहे. ३२ फुटांची ‘सुहेली’ ही सागवानी बोट १९६०च्या दशकात मुंबईला, कुलाब्यात बांधली गेली. तिचा मालक रॉबिन नॉक्स-जॉन्स्टन तेव्हा व्यापारी जहाजांवर अधिकारी होता. तिच्या फळ्या इथल्या सुतारांनी वाकसाने तासलेल्या होत्या. १४ जून १९६८ला तो तिच्यातून एकट्याने इंग्लंडमधल्या फाल्मथहून निघाला आणि कुठेही न थांबता पृथ्वीप्रदक्षिणा करून २२ एप्रिल १९६९ला तिथेच परतला. असं करणारा तो पहिलाच. दक्षिण महासागराच्या वाऱ्यांत शिडं फाटत राहिली आणि तो ती हाताने शिवत राहिला. एकदा शिवताना त्याची मिशीच टाक्यात अडकली. सुरी हाताशी नव्हती, शेवटी डोकं हिसकून त्याने ती सोडवली. त्याने हे आपल्या पुस्तकात लिहून ठेवलं आहे. महिनोन्महिने मदतीला दुसरा माणूस नाही अशा ठिकाणी शीड दुरुस्त करता येणं म्हणजे घरी पोहोचता येणं, एवढा सरळ हिशेब होता.

एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात शिलाई यंत्रं शिडांच्या कारखान्यांत आली. १९५०नंतर पॉलिएस्टरचं कापड आलं आणि जवसाच्या धाग्याचं लिनन व सुती कॅनव्हास मागे पडले. लांब सरळ शिवणींसाठी आता कुणी पाम हातात घेत नाही आणि घ्यायचं कारणही नाही. तरी शिडाचे कोपरे, जिथे दहा-बारा थर एकत्र येतात आणि धातूची कडी बसवावी लागते, तिथे यंत्राची सुई मोडते. चामड्याची तुकडेजोडणी, डोलकाठीवर सरकणाऱ्या पट्ट्या, दोराच्या टोकाला घालायचा बांध, ही कामं आजही हाताने होतात. पॉलिएस्टर कडक असल्याने यंत्राचा टाका त्यात रुतत नाही, पृष्ठभागावर राहतो आणि दोरांना घासून झिजतो. म्हणून लांबच्या प्रवासाला निघणाऱ्या बोटीच्या दुरुस्तीच्या पेटीत पाम, सुया आणि मेणाचा दोरा असतोच. स्वीडनमध्ये ‘ग्योटेबोर्ग’ नावाचं अठराव्या शतकातल्या जहाजाचं हुबेहूब रूप बांधलं, त्याची लिननची शिडं जुन्या पद्धतीने हातानेच शिवली आहेत.

पाम विकत घ्यायचा तर तो ऑनलाइन सहज मिळतो आणि ट्रेकिंगचा तंबू, जीपची ताडपत्री, कॅनव्हासची जुनी पिशवी असं काहीही दुरुस्त करणाऱ्याला उपयोगी पडतो. घेताना पट्ट्याच्या रंगापेक्षा चकती पाहावी. ती चामड्यात डुगडुगत नसावी आणि खळगे आपल्या सुईच्या नेढ्याला बसतील एवढे असावेत. नवा पाम कडक असतो. तो पाण्यात भिजवून हातात घालायचा आणि वाळेपर्यंत मूठ उघडझाक करत राहायची, म्हणजे चामडं आपल्या पंज्याचा आकार घेतं. मग थोडं तेल द्यायचं. चकती अंगठ्याच्या मुळाशी नीट बसली नाही, बोटांकडे किंवा मनगटाकडे सरकली, तर रेटा तिरपा जातो आणि सुई वाकते. तसं होत असेल तर पट्टा उसवून पुन्हा शिवावा. एकदा एका हाताला बसलेला पाम दुसऱ्याच्या हाताला नीट बसत नाही, म्हणून घरात दोघांना शिवायचं असेल तर दोन घ्यावेत.